पकडलेली राख

वर्धा खोऱ्यातल्या खाणीचा एक टन कोळसा वीजकेंद्रात जळला, की तीनशे ते चारशे किलो राख मागे उरते. परदेशातून जहाजाने येणाऱ्या चांगल्या कोळशाची राख शंभर-दीडशे किलोवर भागते. या फरकाचं मूळ बॉयलरमध्ये सापडत नाही, ते सुमारे पंचवीस-तीस कोटी वर्षं मागे जातं. तेव्हाच्या गोंडवन भूखंडावर नद्या होत्या, दलदलीची खोरी होती. आपल्याकडच्या कोळशातली पुष्कळशी झाडं जागच्या जागी गाडली गेली नाहीत. ती पुरात वाहत आली आणि गाळ, चिकणमाती, बारीक वाळू बरोबर घेऊन साचली. ही माती कोळशाच्या अंगात इतकी भिनलेली आहे, की कोळसा धुतला तरी ती फारशी सुटत नाही. या कोळशात गंधक कमी असतं, ही त्यातली जमेची बाजू. पण राखेचा ढीग हा त्या जुन्या नद्यांचा गाळ आहे. जळायचं ते जळून गेलं, न जळणारं आपल्या हाती आलं.

या गाळाचं पुढे काय झालं, याचा माग काढताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ज्यांनी राख निवडली, जाड-बारीक वेगळी केली, कोरडी ठेवली, त्यांच्याकडे तिला भाव आला. ज्यांनी सगळी एकत्र कालवली, त्यांच्या शेजारच्या गावांच्या छातीवर ती बसली.

आपल्या घरांतली राख या घराण्यातली नव्हे. गोवरीची नि लाकडाची राख क्षारयुक्त असते. म्हणून तिने भांड्याचा ओशटपणा निघतो, आणि शेतकरी ती वाफ्यात टाकतो, साठवणीच्या कडधान्याला चोळतो. दगडी कोळशाच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतं, क्षार नाममात्र. मुंबईच्या चाळींत शेगड्या होत्या तेव्हा बायकांना हा फरक बरोबर ठाऊक होता, म्हणून या राखेतून त्या फक्त न जळलेला कोळसा शोधत. सकाळी शेगडीची जाळी हलवून राख खाली पाडायची, ती चाळणीत घ्यायची, वर राहिलेले करड्या कवचाचे तुकडे बोटांनी फोडून बघायचे. आत काळं दिसलं तर तुकडा पुन्हा कोळशाच्या डब्यात, नाही तर बाहेर. माझ्या आजीचे हात हे काम इतक्या चटकन करत, की बघणाऱ्याला ती नुसती चाळणी हलवते आहे असंच वाटे.

हेच काम लंडनमध्ये अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात कारखान्याच्या प्रमाणावर चालत होतं. लाखो चुलींमधली राख गाड्या भरून शहराबाहेरच्या आवारांत यायची. तिथे बायका कमरेपर्यंत ढिगात उभ्या राहून ती मोठ्या चाळण्यांनी चाळत. चाळणीवर राहिलेला अर्धवट जळालेला चुरा वीटभट्टीत जळण म्हणून जाई, आणि खाली पडलेली बारीक राख विटेच्या मातीत मळली जाई. त्या राखेतल्या उरल्यासुरल्या कोळशामुळे वीट आतूनही भाजून निघे. जुन्या लंडनच्या पिवळसर विटांमध्ये ही राख आहे. एके काळी राख उचलण्याच्या हक्कासाठी कंत्राटदार नगरव्यवस्थेला पैसे मोजत. राखेच्या ढिगांवर श्रीमंत झालेला माणूस १८६४-६५ मधल्या डिकन्सच्या कादंबरीत उगाच आलेला नाही. पुढे विटांचा बाजार पडला, राखेत इतर कचरा वाढत गेला, आणि तीच राख उचलून न्यावी म्हणून नगरव्यवस्थेला कंत्राटदारांना पैसे द्यावे लागले. त्या ढिगात किती कचरा कालवला गेला, यावर त्याचा भाव ठरत होता.

आपल्याकडे दगडी कोळसा मोठ्या प्रमाणावर आणला रेल्वेने. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली ती मुख्यतः इंजिनांसाठी. त्या काळी कोळसा ढेकळांच्या रूपात लोखंडी जाळीवर जळे. राख जाळीखाली पडे, काही वितळून दगडासारखी घट्ट होई. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२९ मध्ये ठाकुर्लीजवळ चोळा इथे कोळशावरचं वीजघर उभारलं. तोवर अमेरिकेत मात्र कोळसा जाळण्याची रीत बदलू लागली होती, आणि त्या बदलातून एक नवीनच पदार्थ जन्माला येत होता.

१९१८ च्या सुमारास मिलवॉकीच्या ओनायडा स्ट्रीट वीजकेंद्रात कोळसा पिठासारखा दळून हवेच्या झोताने भट्टीत फुंकायचे प्रयोग यशस्वी झाले. ढेकूळ जळायला बराच वेळ लागतो, ही भुकटी सेकंद-दोन सेकंदांत जळून जाते. उष्णता भरपूर मिळते आणि हलका कोळसाही चालतो. पुढची शंभर वर्षं जगातली बहुतेक मोठी वीजकेंद्रं याच पद्धतीवर चालली. मात्र जाळीखाली जी राख पडायची, तिचा मोठा हिस्सा आता धुराबरोबर वर जाऊ लागला. साधारण एक पंचमांश तळाशी पडते, बाकी सगळी उडते. उडती राख ती हीच.

ज्वाळेतून जाताना तिचं रूप पालटतं. तेराशे-चौदाशे अंश तापमानात कोळशाच्या कणातली माती वितळते, तिचा थेंब होतो, थेंब हवेतच गोल होतो, आणि धुराबरोबर पुढे सरकताना इतक्या झपाट्याने थंड होतो की त्यात स्फटिक जुळायला सवड मिळत नाही. त्याची काच होते. राखेची चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर दिसतात काचेचे गोळे, काही स्वच्छ, काही धुरकट, एखाद्या मोठ्या गोळ्याच्या पोटात आणखी लहान गोळे. त्यांत तुटक कडांचा काळा कण दिसला तर तो न जळलेला कोळसा. काही गोळे आतून पूर्ण पोकळ असतात आणि पाण्यावर तरंगतात. राखेच्या तळ्यांवर जमणारी ही पांढरट साय गोळा करून विकली जाते. रंगात, हलक्या काँक्रीटमध्ये, उष्णतारोधक लेपांत तिला चांगली किंमत येते.

एवढं सगळं असलं तरी ही राख हाती लागत नव्हती, चिमणीतून शहरावर पडत होती. ती पकडण्याचं साधन निघालं दुसऱ्याच कामातून. फ्रेडरिक कॉटरेल हे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. गंधकाम्लाच्या कारखान्यातलं आम्लाचं धुकं आवरायला त्यांनी १९०७ च्या आसपास विजेचा उपयोग केला. उच्च दाबाच्या तारेजवळून धूर नेला की कणांवर विद्युतभार येतो आणि ते समोरच्या पत्र्याकडे ओढले जातात. या शोधाच्या पेटंटचं उत्पन्न त्यांनी स्वतःकडे न ठेवता विज्ञान संशोधनाला पैसा पुरवणारी संस्था उभी करण्यासाठी दिलं. त्या काळातल्या औद्योगिक शोधांच्या इतिहासात असं औदार्य विरळा, म्हणून ते इथे सांगावंसं वाटतं. १९२३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या ट्रेंटन चॅनल वीजकेंद्रात हे यंत्र कोळशाच्या राखेसाठी बसलं.

आज कोराडी असो की चंद्रपूर, बॉयलर आणि चिमणी यांच्यामधली घराएवढी उंच पेटी म्हणजे हेच यंत्र. आत पत्र्यांच्या रांगांमागून रांगा असतात. पत्र्यांवर ठरावीक वेळाने हातोड्यांचे ठोके पडतात, राखेचा थर सुटतो आणि खालच्या निमुळत्या टाकीत, म्हणजे हॉपरमध्ये, घसरतो. पहिल्या रांगेखालच्या हॉपरमध्ये जाड राख पडते, शेवटच्या रांगेखाली सर्वांत बारीक. म्हणजे लंडनच्या बायका कमरेएवढ्या ढिगात उभ्या राहून जे करत, ते हे यंत्र आपोआप करतं. हॉपरमधली राख कोरडी असते, गरम असते आणि जाड-बारीक निवडून ठेवलेली असते. सगळ्या प्रवासात तिची सर्वांत चांगली अवस्था हीच.

तिचं काय करायचं, हेही फार लवकर कळलं होतं. नेपल्सजवळच्या पोझुओली गावची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली, की ती पाण्याखालीसुद्धा घट्ट धरते, हे रोमन गवंड्यांना माहीत होतं. कोळशाची राख त्याच जातीची, ज्वालामुखीऐवजी बॉयलरमधून आलेली इतकंच. १९३७ मध्ये बर्कलीच्याच रेमंड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी ती सिमेंटमध्ये वापरण्याच्या कसोट्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिमेंट पाण्याशी संयोग पावतं तेव्हा काही चुना मोकळा राहतो. राखेची काच तो चुना हळूहळू खाते आणि त्यातून आणखी चिकट द्रव्य तयार होतं. पहिल्या आठवड्यात असं काँक्रीट मागे पडतं, काही महिन्यांत पुढे जातं. शिवाय ते कमी तापतं. प्रचंड जाडीच्या धरणात हा गुण मोलाचा, कारण आतल्या उष्णतेनेच भिंतीला तडे जातात. माँटाना राज्यातल्या हंग्री हॉर्स धरणात १९५३ पर्यंत लाखभर टनांहून जास्त राख गेली. आपल्याकडे रिहंद धरणात काही सिमेंटऐवजी ती वापरली गेली. १९६६ मध्ये भारतीय मानक ३८१२ निघालं आणि राखेला बांधकामात अधिकृत स्थान मिळालं.

आणि तरीही आपण ती ओली केली.

भुसावळजवळचं दीपनगर १९६८ ला सुरू झालं, नाशिकचं एकलहरे १९७० ला, परळी १९७१ ला, कोराडी १९७४ ला, चंद्रपूर १९८३ ला. प्रत्येक ठिकाणी केंद्राबरोबर राखेसाठी शेकडो एकर जमीन घेतली गेली. हॉपरमधली निवडलेली राख आणि तळाची जाड राख पाण्यात कालवायची, पाइपातून काही किलोमीटर पंपाने ढकलायची आणि बंधारा घातलेल्या खोलगट भागात सोडून द्यायची. लोक याला राखेचं बंड म्हणतात. पाणी स्वस्त होतं, जमीन सरकारी दराने मिळत होती, पंप चालवणं सोपं होतं. कोरडी राख साठवायची तर सायलो हवेत, बंद टँकर हवेत, घेणारं गिऱ्हाईक हवं. वीजमंडळांचं काम वीज पुरवणं, राख विकणं नव्हे, असं तेव्हा मानलं गेलं. पण यंत्राने जे निवडलं होतं, ते पाइपात पुन्हा एक झालं. तळ्यातली राख जाड-बारीक मिसळलेली असते, ओलसर असते, सिमेंट कंपन्यांना ती नको असते. विटेला, भरावाला चालते. शिवाय साठत राहिलेल्या ओल्या राखेतून आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियमसारखी द्रव्यं पाण्यात उतरायला वेळ मिळतो. माझ्या मते आपल्या राखेच्या इतिहासातली मुख्य चूक हीच. कारखान्याच्या दाराशी पाण्याची तोटी उघडली गेली आणि तीन-चार दशकं ती कुणी बंद केली नाही.

नंतर नियम आले. १९९४ मध्ये केंद्र सरकारने फ्लाय ॲश मिशन हाती घेतलं. सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत राख मिसळणं बंधनकारक केलं, आणि वीजकेंद्रांनी दहा वर्षं राख फुकट द्यावी असं सांगितलं. ते अंतर पुढे १०० झालं, मग ३००. विशाखापट्टणमच्या भानुमतिदास आणि कालिदास यांनी राख, चुना आणि जिप्सम यांपासून न भाजता तयार होणारी वीट विकसित केली. आज महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत ज्या करड्या विटा दिसतात, त्या याच कुळातल्या. २०१६ मध्ये राख वापराचं स्वतंत्र धोरण करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये आता ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते, आणि बल्कर, म्हणजे बंद टँकर, भरून कोरडी राख उचलायला सिमेंट कंपन्या रांगेत असतात.

यातलं उत्तम उदाहरण घाटघरचं. अकोले तालुक्याच्या कड्यावरून शहापूरच्या खोऱ्यात पाणी सोडायचं आणि रात्री पुन्हा वर चढवायचं, अशी ही जलविद्युत योजना. तिथली धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत, या प्रकारची देशातली पहिली. भिंतीच्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राखच जास्त आहे. ती आली नाशिकच्या एकलहऱ्याहून, कोरडी, प्रतवारी करून. राख नीट हाताळली तर ती कुठवर जाऊ शकते, हे बघायला मराठी माणसाला माँटानाला जायची गरज नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस अंगावर घेत ती भिंत उभी आहे.

देशाचे आकडेही आता चांगले दिसतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अहवालांनुसार १९९६-९७ मध्ये जवळपास सात कोटी टन राख तयार झाली आणि दहा टक्क्यांहून कमी वापरली गेली. २०२१-२२ मध्ये २७ कोटी टन तयार झाली आणि ९६ टक्के वापरली गेली. हे यश खरं आहे आणि ते मिळवणाऱ्यांचं कौतुक करायला हवं. पण या टक्केवारीत दोन गोष्टी झाकल्या जातात. सखल जमिनीचा भराव, बंद खाणींतला भराव हाही ‘वापर’च मोजला जातो, आणि तिथे राख फक्त जागा बदलते. दुसरं म्हणजे, ही टक्केवारी त्या वर्षीच्या राखेची असते. चाळीस-पन्नास वर्षं बंडांत साठलेली जुनी राख तिच्यात येत नाही. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तीही दहा वर्षांत संपवायला सांगितलं आणि न वापरलेल्या राखेवर टनाला हजार रुपये दंड ठेवला.

जुनी राख किती जिवंत असते, ते सहा महिन्यांतच दिसलं. १६ जुलै २०२२ ला नागपूरजवळ अतिवृष्टीत कोराडी केंद्राचं खसाळ्याचं बंड फुटलं. करडा लोंढा खसाळा, म्हसाळा, कवठा परिसरातल्या शेतांत आणि वस्त्यांत शिरला, नाल्यांतून कोलार आणि कन्हान नद्यांकडे गेला. ज्या कन्हानचं पाणी नागपूर पितं, तीच ही. याच्या दोन वर्षं आधी, एप्रिल २०२० मध्ये, मध्य प्रदेशातल्या सासन केंद्राचं बंड फुटून सहा जणांचा जीव गेला, त्यांत लहान मुलं होती. अमेरिकेत टेनेसीतल्या किंग्स्टन केंद्राचा बंधारा २२ डिसेंबर २००८ ला कोसळला होता आणि चाळीस लाख घनमीटरांहून जास्त राख एमरी नदीत व काठावरच्या घरांत पसरली होती. तिथे त्यानंतर राखतळ्यांचे देशव्यापी नियम झाले. ते यायलाही सात वर्षं लागली.

पावसाळ्यात बंड फुटायची भीती, आणि पावसाळा सरला की दुसरं दुखणं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ्याचा वरचा थर सुकतो, दुपारी वारा सुटतो, आणि आसपासच्या गावांत दारं लावून घ्यावी लागतात. माठावरचं फडकं दिवसाकाठी दोनदा झटकावं लागतं. तुळशीच्या पानावर बोट फिरवलं की हिरवी रेघ उमटते. कापूस वेचणीला आलेला असेल तर बोंडात राख बसते आणि बाजारात भाव पडतो. परळी भागात याच राखेवर शेकडो वीटभट्ट्या उभ्या राहिल्या, हायवा गाड्यांची रीघ लागली, आणि राख उचलायची कुणी, यावरून दादागिरीही उभी राहिली. जी राख फुकट न्या म्हणून सांगावं लागत होतं, तिच्यासाठी आता भांडणं होतात. उघड्या गाड्यांतून सांडणारी राख मात्र रस्त्याकडेच्या घरांच्या वाट्याला जशीच्या तशी येते.

या घराण्याला आता एक नवी शाखा फुटते आहे. कोळशात तेल किंवा पाणी कालवून पंपाने ओतता येईल असं जळण करायची कल्पना तशी जुनी. १९३२ मध्ये क्युनार्ड कंपनीच्या ‘सिथिया’ या जहाजावर तेलात कोळशाची भुकटी मिसळून जाळून बघितलं गेलं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अनेक देशांनी हे काम पुन्हा उकरून काढलं. सोव्हिएत काळात १९८९ मध्ये सायबेरियातल्या बेलोवोपासून नोवोसिबिर्स्कपर्यंत २६२ किलोमीटरची पाइपलाइन झाली, कोळसा आणि पाण्याचं मिश्रण थेट वीजकेंद्रात पोचवण्यासाठी. ती फार काळ टिकली नाही. अलीकडे टॉम्स्कच्या तंत्रविद्यापीठात कोळसा धुताना उरणारा गाळ, पाणी आणि वापरून झालेलं इंजिनाचं किंवा टर्बाइनचं तेल असं मिश्रण जाळण्यावर पुष्कळ संशोधन झालं आहे. दोन कचरे एकत्र जाळून ऊर्जा मिळवायची, नायट्रोजनची नि गंधकाची प्रदूषकं कमी करायची, हा त्यामागचा हेतू. हेतूबद्दल मला आदर आहे. प्रश्न मागे उरणाऱ्या राखेचा आहे.

मिश्रणाचा थेंब भट्टीत शिरला की आधी पाणी उडतं आणि थेंबातले कोळशाचे कण एकमेकांना चिकटून एक गोळी होते. म्हणून राखेचा आकार आता कोळसा किती बारीक दळला यापेक्षा फवारा किती बारीक पडला यावर ठरतो. शिवाय धुतलेल्या कोळशाचा गाळ म्हणजे धुण्यातून बाहेर पडलेली मातीच, त्यामुळे राख भरपूर. आणि तेल आपलं काहीतरी आणतं. इंजिनाच्या तेलात झीज थांबवण्यासाठी जस्त आणि फॉस्फरसची संयुगं असतात, मळ सुटा ठेवण्यासाठी कॅल्शियमची. वापरलेल्या तेलात यंत्रातून झिजलेलं लोखंड, तांबं, कधी शिसंही असतं. ही धातूद्रव्यं राखेतच येतात. त्यांतली काही ज्वाळेत वाफ होऊन मागाहून सर्वांत बारीक कणांच्या पृष्ठभागावर बसतात. कॉटरेलच्या यंत्रात शेवटच्या रांगेखाली पडणारे कण ते हेच, आणि सिमेंटला सर्वांत जास्त हवे असणारे कणही हेच.

तेल आणि कोळसा एकत्र जळल्यावर काय होतं, याची थोडी कल्पना आपल्या केंद्रांतल्या कामगारांना आहेच. पावसाळ्यात ओला कोळसा आला, की ज्वाळा विझू नये म्हणून तेलाचे बर्नर लावावे लागतात. तेवढ्या वेळात राख काळपट होते, न जळलेला कार्बन वाढतो, आणि चिकट काजळीने पत्रे खराब होऊ नयेत म्हणून राख पकडणाऱ्या यंत्राची वीज जपून द्यावी लागते. मानकाप्रमाणे सिमेंटच्या राखेत जाळल्यावर उडून जाणारा भाग ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. अशी राख त्यात सहज नापास होते.

नियमांतही इथे एक फट आहे. आपल्या २०१६ च्या नियमांनी वापरलेलं तेल घातक कचऱ्याच्या यादीत ठेवलं आहे. कोळशाची उडती राख मात्र प्रचंड प्रमाणात निघणारा, कमी परिणामाचा कचरा म्हणून त्या वर्गाबाहेर ठेवली आहे. दोन्ही एकाच नळीतून एकाच भट्टीत गेले, तर खालच्या हॉपरमधली राख कोणत्या यादीत जाणार? वीटभट्टीवाल्याला ती करडीच दिसेल. म्हणून असं जळण इथे येण्याआधीच त्याच्या राखेसाठी वेगळं हॉपर, वेगळं सायलो आणि जस्त, शिसं, कार्बन यांची प्रत्येक खेपेची तपासणी ठरवून ठेवायला हवी. नेहमीच्या राखेच्या बल्करमध्ये ती एकदा पडली, की पुन्हा निवडता येणार नाही.